मालनची मटकी

“एकदा मौन धरलंस ना रत्नप्रभा, की घर पेटलं तरी ओठ उघडायचा नाही. बादली उचल, धाव, काय वाट्टेल ते कर. पण शब्द नाही.”

सासूबाई जाऊन बरीच वर्षं झाली होती. तरी श्रावणातल्या सोमवारी आंघोळीचा पहिला तांब्या अंगावर पडला, की त्यांचा आवाज रत्नप्रभेच्या कानाशी हजर होई. तिथून संध्याकाळी उपास सोडेपर्यंत ती बोलत नसे. वाईच्या घरात हे व्रत सोपं होतं. तिथे सुनेचं बोलणं एरवीही कोणी ऐकत नसे. श्रीपादरावांची बदली जयपूरला झाली, बनी पार्कात क्वार्टर मिळालं, आणि तिथे दूधवाल्या भैयापासून शेजारच्या सिंधी बाईपर्यंत सगळ्यांना आता सोमवार पाठ झाला होता. व्रतावर पहारा ठेवायला घरात गंगूबाई होत्याच. त्या श्रीपादरावांच्या आत्या. दिवसभर त्या एकट्या दोघींपुरतं बोलत.

त्या वर्षी घरात आणखी एक व्रत चाललं होतं, ते लेकीचं, मालनचं. चीनच्या लढाईनंतर सरकारला एकाएकी विज्ञानाची आठवण झाली होती, आणि ती आठवण खाली उतरत उतरत मालनच्या सातवीच्या वर्गापर्यंत आली होती. माथुर बहनजींनी शाळेत विज्ञान मंडळ काढलं. मुलांनी घरी प्रयोग करायचे, बुधवारी ते शाळेत मांडायचे, आणि ज्याचा प्रयोग उत्तम ठरेल त्याला दसऱ्याच्या सुट्टीत दिल्लीच्या शिबिरात पाठवायचं. तिथे खऱ्या प्रयोगशाळेत काम करायला मिळणार होतं. मालनने त्या दिवसापासून दिल्लीखेरीज दुसरं काही बोलणंच सोडलं.

तिचा प्रयोग मटकीचा होता. बियाला मोड यायला नेमकं काय लागतं? रुखवतातल्या पितळी वाट्या तिने मागून घेतल्या. काहींत भिजवलेली मटकी ओल्या फडक्याखाली, एक खिडकीत, एक बंद कपाटात, एक अगदी कोरडी, एक पाण्यात बुडवलेली, एकीत पाण्यावर तेलाचा थर, म्हणजे हवा जायला नको. शाळेतून आली की दप्तर टाकायची आणि आधी वाट्यांशी जायची.

“आई, कपाटातली सगळ्यात लांब वाढलीय बघ. पण पिवळी. मतलब, ती उजेड शोधतेय.”

“शोधू दे हो,” रत्नप्रभा म्हणे. “आधी हातपाय धू.”

दिवस मोजून केलेलं ते काम सोमवारी पुरं होत आलं. मालन शाळेतून परस्पर मैत्रिणीच्या घरी गेली, तक्ता रंगवायला. आणि पाचाच्या सुमारास श्रीपादराव घाम पुसत घरात शिरले.

“अगं ऐक, आनंदराव साहेब येतायत आज जेवायला. श्रावण सोमवारचा उपास सोडायला मीच बोलावलंय.”

रत्नप्रभेने भुवया वर केल्या.

“तुला बोलता येत नाही ते माहीत आहे. ऐकता तर येतं ना? साहेब शाळेच्या कमिटीवर आहेत. निवड कमिटी करणार. आपल्या मालनचं नाव कानावर घातलेलं बरं. सहज, जेवता जेवता. पोरीसाठीच करतोय मी.” दारातून बाहेर पडता पडता ते वळले. “आत्या, साहेबांना घरचं जेवण हवंय. त्यांच्या बाई इंदूरच्या, बंगल्यात बटाट्याशिवाय दुसरं काही शिजत नाही म्हणतात. काहीतरी आपल्याकडचं करा.” आणि ते टांगा बघायला गेले.

घरात एक दुधी होता. गंगूबाईंनी त्याच्याकडे असं बघितलं, की तो बिचारा आणखी पांढरा पडला. मग त्या सोवळं नेसल्या आणि घरभर नजर फिरवू लागल्या.

रत्नप्रभा अंगणातले वाळलेले कपडे काढून आत आली तेव्हा चुलीवर कढई होती, आणि परातीत मटकी. ओल्या फडक्याखालची आणि खिडकीतली, टपोरी, अंगठ्याच्या नखाएवढे मोड आलेली.

“देवच पावला बघ,” गंगूबाई म्हणाल्या. “मोड आलेलं कडधान्य घरात असताना मी बाजार शोधत होते. आणि असं ठेवू नये गं, उग्र वास येतो. आमसूल आहे, गोडा मसाला आहे. साहेब बोटं चाटतील.”

रत्नप्रभेने कपडे टाकले आणि परातीकडे हात नेला.

“हां, लांब,” गंगूबाई ओरडल्या. “मी सोवळ्यात आहे. शिवलीस तर मला पुन्हा आंघोळ, आणि साहेब येतील ते कोरड्या पानावर.”

हात तिथेच थांबला. तिने दोरीवरून काढलेला मालनचा फ्रॉक उचलून त्यांना दाखवला, मग मटकी दाखवली.

“माहीत आहे, माहीत आहे. तिलाही आवडते उसळ. तिच्यासाठी ठेवते वाटीभर.”

तिने खिडकीकडे बोट केलं, जिथे दुपारपर्यंत वाटी होती.

“हो, होईल हं दिवेलागण. हात चालतोय माझा. तू अशी डोळे मोठे करू नकोस, उपाशी पोटी घेरी येईल.”

रत्नप्रभा पळत मालनची पाटी घेऊन आली आणि तिच्यावर ठसठशीत लिहिलं: ‘हा मालनचा प्रयोग आहे. शिजवू नका.’ दारात उभी राहून तिने पाटी पुढे धरली. गंगूबाईंना अक्षर येत नव्हतं. पण सोमवारी मौनातल्या बाईने पाटीवर काही लिहिलं म्हणजे ते काय असणार, हे न कळण्याइतक्या त्या नास्तिक नव्हत्या. त्यांनी डाव खाली ठेवून पाटीला हात जोडले.

“शिवाचं नाव लिहिलंस? गुणाची गं. जा, देवापुढे ठेव.”

आता एकच उपाय उरला होता. ‘थांबा’ हा शब्द रत्नप्रभेच्या दातांपर्यंत आला. आणि त्याच्या पाठोपाठ सासूबाईंचा आवाजही आला, घर पेटल्याच्या अटीसकट. घर काही पेटलं नव्हतं. पेटली होती ती फक्त चूल. रत्नप्रभा तो शब्द गिळत राहिली, तेवढ्यात मोहरी तडतडली, आणि मटकी चर्रकन कढईत गेली.

आनंदराव आले. अंगापिंडाने मोठे, बोलायला गोड. पहिला घास घेतला आणि डोळेच मिटले त्यांनी.

“आत्याबाई, किती वर्षांनी अशी उसळ. इथे मटकीला सगळे मोठ मोठ म्हणतात हो, पण आपली मटकी करावी तर आपल्याच माणसांनी.”

“घ्या ना अजून,” श्रीपादराव म्हणाले. “अगं, वाढ.”

रत्नप्रभेने वाढलं. इतक्यात दारात मालन उभी राहिली, हातात गुंडाळलेला तक्ता, बोटांना निळा रंग. तिने खिडकीकडे बघितलं. मग आनंदरावांच्या ताटाकडे बघितलं. मग आईकडे.

“ये बेटा,” आनंदराव म्हणाले. “काय प्रयोग केलायस तू?”

“मटकीचा,” मालन म्हणाली.

“वा. कुठाय?”

मालन ताटाकडेच बघत होती. श्रीपादरावांचा घास हातात थांबला. त्यांना त्या क्षणी सगळं समजलं. “शाळेत आहे, साहेब,” ते म्हणाले. “शाळेतच ठेवलाय. मालन, काकांना नमस्कार कर.”

मालनने वाकून नमस्कार केला. आशीर्वाद देता देता आनंदरावांनी उसासा टाकला.

“मुली गुणी असतात हो. आमचा दिलीप बघा. त्याच वर्गात. परवा मांडायचंय आणि घरात प्रयोगाचं नाव नाही. पतंग, बस. त्याची आई मला बोलते, कमिटीवर असून तुमचा काय उपयोग.”

यावर गप्प बसता आलं असतं. पण त्या घरात त्या संध्याकाळी एक जीभ हलत नव्हती, आणि दुसरी थांबत नव्हती.

“हात्तिच्या, साहेब, त्यात काय,” श्रीपादराव म्हणाले. “कपाटात वाट्या आहेत मालनच्या. जास्तीच्याच. घेऊन जा दिलीपसाठी. तक्ता पण आहे, नाही का गं? मालन दुसरा करेल. दोन दिवस आहेत की.”

“छे छे, हे बरोबर नाही,” आनंदराव म्हणाले, आणि पाटावरून उठताना त्यांनी विचारलं, “वाट्या टांग्यात सांडणार नाहीत ना?”

गंगूबाईंनी वाट्या फडक्यात नीट बांधून दिल्या. कोरडी, बुडालेली, तेलाखालची, आणि ती लांब पिवळी, उजेड शोधणारी. तक्ता श्रीपादरावांनी स्वतः मालनच्या हातातून काढून घेतला. ओढावा लागला नाही.

पाहुणे गेल्यावर रत्नप्रभेने देवाला हात जोडून उपास सोडला. गंगूबाईंनी आठवणीने तिच्या पानात उरलेली उसळ वाढली. उपास सोडताना पानात टाकू नये, म्हणून ती तिने खाल्ली. मग ती मालनजवळ जाऊन बसली.

“मालन,” तो तिचा त्या दिवसाचा पहिला शब्द.

“आता बोलतेस?” मालन म्हणाली, आणि कूस बदलली.

मंगळवारी तिने पुन्हा मटकी भिजवली, पण बियांना कमिटी समजत नाही. बुधवारी मालनच्या टेबलावर जेमतेम फुगलेले दाणे होते. दोन टेबलं सोडून दिलीप उभा होता. वाट्या आता काचेच्या होत्या, तक्त्यावर कोपऱ्यात दिलीपचं नाव होतं, आणि घरी नव्याने भिजवलेल्या मटकीची एक वाटी मधोमध मांडली होती. बिचारा घाबरलेला होता. बहनजी त्याच्यापाशी थांबल्या.

“यह वाला इतना लंबा और पीला क्यों है, दिलीप?”

दिलीपने वाटीकडे बघितलं, छताकडे बघितलं.

“अँधेरे में था, बहनजी,” मालनच्या तोंडून निघून गेलं. “रोशनी ढूँढ रहा है।”

“तुमसे पूछा है?” बहनजी वळल्या. “जिसने मेहनत की है, उसे बोलने दो।”

“लेकिन वो मेरा है।”

कमिटीतली मंडळी हसली. सगळ्यात मायेने आनंदराव हसले. बहनजींनी मालनच्या वाटीतले फुगलेले दाणे बघितले, आणि दुसऱ्याच्या कामावर जळणं ही किती वाईट गोष्ट आहे, ते सगळ्या वर्गासमोर समजावून सांगितलं.

घरी येऊन मालनने हे सगळं सांगितलं, न रडता. रडली असती तर बरं, असं रत्नप्रभेला वाटलं.

“माझं नाव नाही पाठवलं दिल्लीला तरी चालेल,” मालन म्हणाली. “पण बहनजींना वाटतं मी खोटारडी आहे. तू सांगशील त्यांना?”

“सांगेन.”

“नक्की? की उद्या पण काहीतरी असेल?”

“उद्या सकाळीच सांगेन. शब्द दिला तुला.”

श्रीपादरावांनी हे ऐकलं आणि त्यांचं जेवण गेलं.

“काय सांगणार आहेस? साहेबांच्या मुलाने चोरी केली म्हणून? चोरी कुठाय, मी दिलंय. मग मला चोर ठरव. अगं, साताऱ्याला बदलीची शिफारस त्यांच्या हातात आहे. वाटीभर मटकी ती. वाटीभर मटकीसाठी जन्मभर या वाळूत राहायचंय का?”

“पोरीसाठीच करत होतात ना तुम्ही?” रत्नप्रभा हळूच म्हणाली.

“तेच तर. साताऱ्याला चांगल्या शाळा आहेत.”

“तिथेही असतीलच कमिटीवर कोणीतरी,” ती म्हणाली, आणि भांडी आवरायला उठली.

गुरुवारी सकाळी आनंदरावांचा शिपाई देवराम आला. धुऊन लखलखीत केलेल्या पितळी वाट्या घेऊन. रिकामं भांडं परत पाठवू नये, हे इंदूरच्या बाईंनाही माहीत होतं. प्रत्येक वाटीत घेवराचा एकेक तुकडा होता, वर पिस्ते.

“साहेब बहुत खुश हैं,” देवराम म्हणाला. “दिलीप बाबा का नाम कल दिल्ली जा रहा है। इतवार को घर पर छोटी-सी पार्टी है। मेमसाब ने बोला है, वही मटकी की सब्ज़ी माताजी के हाथ की हो, तो बड़ी मेहरबानी।”

“करीन की,” गंगूबाई कृतार्थ होऊन म्हणाल्या. “रत्नप्रभे, आजच भिजत घाल. मालन, ये, घेवर खा.”

मालनने घेवराकडे बघितलं आणि वेणीला रिबीन बांधत राहिली.

रत्नप्रभेने पूजा उरकली. देवापुढचं फूल कपाळाला लावलं, निऱ्या नीट केल्या, डोक्यावरून पदर घेतला, आणि मालनचा हात धरून ओट्यावर आली. शाळेच्या बाजूला ती एकटी कधी गेली नव्हती. आत आरशासमोर दाढी करत असलेल्या श्रीपादरावांना चपलेचा आवाज आला. तोंडाला साबण तसाच ठेवून ते दारात धावले.

“अगं, कुठे—”

गंगूबाईंनी झपकन पुढे होऊन त्यांना हाताने अडवलं.

“श्रीपाद, निघालेल्या माणसाला कुठे म्हणून विचारू नये. काम होत नाही.”

आत्यांचा शब्द त्यांनी आयुष्यात मोडला नव्हता. ते तसेच उभे राहिले, तोंड अर्धं उघडं, साबणाचा फेस गळ्यावरून खाली ओघळत. रत्नप्रभेने मागे वळून पाहिलं नाही. फाटक अलगद लोटलं, आणि मालनला रस्त्याच्या आतल्या अंगाला घेऊन ती चालू लागली.