सासूबाई, मी आणि मलकियाचा फुगलेला गळा

कोंबडीला काही झालं की किमिलीली गावात आमच्या आळीला आधी मी आठवतो. थोडं गोडं तेल पाजायचं, गळ्याखालची पिशवी चोळायची, की झालं! त्यामुळे आमच्या मलकिया कोंबडीची ती पिशवी गच्च फुगली, तेव्हा मी बायकोला ऐटीत सांगितलं, "दुपारपर्यंत अंगणात नाचेल बघ."

मलकिया रोज सकाळी माझ्या डाव्या गमबुटात अंडं घालते आणि मी पाय घालायच्या आत ओरडून सांगते. माझी इतकी काळजी घरात दुसरं कोणी करत नाही.

दुपारी नाचणं सोडाच, ती मान टाकून बसली. मी आणखी तेल पाजलं.

बायको नालियाका बाळंतीण. तिच्या मदतीला सासूबाई आलेल्या. आमच्यात जावयाने सासूच्या जवळ फिरकायचं नाही, हात लावणं तर लांबच. त्या स्वयंपाकघराच्या आडोशाला, मी अंगणात, आणि मधल्या खिडकीत बाळाला घेऊन नालियाका, निरोप पोचवायला.

"त्याला म्हणावं, तेल पुरे. कोंबडी आहे, भजी नव्हे," सासूबाई भिंतीला म्हणाल्या.

"त्यांना म्हणावं, हे मी वडिलांकडून शिकलोय."

"त्याच्या वडिलांच्या कोंबड्या मी पाहिल्यात. बहुतेक ताटातच."

एवढंसं अंगण, सगळ्यांना सगळं ऐकू येत होतं. तरी नालियाका प्रत्येक निरोप इमानाने पोचवत होती, वर पदरचं हसू घालून.

शेवटी मी हात टेकले. मलकियाला सासूबाईंच्या स्वाधीन करायचं ठरलं. पण हातात देणार कशी? मी तिला अंगणाच्या मधोमध ठेवून मागे सरायचं, मग त्यांनी उचलायची. मी ठेवली. सकाळपासून मरगळलेली ती बया सासूबाईंना बघताच उठून पळाली! मी डावीकडून धावलो, त्या उजवीकडून. दोघांचीही नजर कोंबडीवर. तेलाने माखलेली मलकिया माझ्या हातात आली आणि त्याच क्षणी माझं डोकं सासूबाईंच्या पोटावर आदळलं. दोघंही आडवी, मध्ये मलकिया. तिने 'कॉक' केलं आणि गोणीच्या सुतळीचा हा एवढा गुंता माझ्या सदऱ्यावर ओकली.

कोंबडी वाचली, पण रीत मोडली. शेजारच्या वडीलधाऱ्या मासिंदेकाकांनी सगळं ऐकून घेतलं, खोकल्याआड हसून घेतलं आणि निकाल दिला. जावयाने सासूला तिच्या पसंतीची एक कोंबडी द्यायची, म्हणजे दोष फिटला.

सासूबाईंनी सगळ्या कोंबड्यांवरून नजर फिरवली आणि मलकियाकडे बोट दाखवलं. माझे डोळे भरून आले.

"त्यांना विचार, कापणार आहेत का?" मी नालियाकाला म्हणालो.

"त्याला म्हणावं," आडोशामागून आवाज आला, "मारायचीच असती तर इथेच ठेवली असती. औषध चालूच होतं की."

सासूबाई गेल्या, मलकियाही गेली. आठवड्याने त्यांचा निरोप आला. कोंबडी ठणठणीत आहे, पण अंडं घालायला जागा शोधत घरभर हिंडते, जावईबापूंनी डावा गमबूट पाठवावा.

पाठवला. हल्ली शेतात मी एका पायात गमबूट आणि एका पायात चप्पल घालून जातो. कोणी विचारलंच तर सांगतो, पाय दुखतोय, तेल लावून चोळणं चालू आहे.