चाळीस टक्क्यांचा गुडघा

माणूस आजारी आपोआप पडतो. अपंग मात्र त्याला शासन करते, आणि तेही बुधवारी, दहा ते एक या वेळात. (सुट्टीचा बुधवार सोडून.) नियम शहाण्यांनी केलेला आहे. जो तो उठून वाटेल त्या वारी अपंग होऊ लागला, तर धडधाकट राहायला सवड कुणाला मिळणार?

पूर्णगडच्या सईदाबीचा मुलगा हाशिम या व्यवस्थेबाहेर जन्मला. त्याचे रक्त गोठत नसे. पाय जरा वाकडा पडला की गुडघ्यात आतल्या आत रक्त साचून त्याचा नारळ होई. पण सन दोन हजार एकच्या सरकारी यादीत डोळे होते, कान होते, हातपाय होते, डोकेसुद्धा होते, रक्त नव्हते. रक्त आत असते, आणि यादी करणाऱ्यांना बाहेरून दिसेल तेवढेच लिहायची शिस्त होती.

गुडघा मात्र यादीत बसत होता. तो चाळीस टक्के बिघडल्याचा दाखला मिळाला, तर हाशिमला बंदरावर टेलिफोनचा बूथ मिळणार होता. बसून करायचे काम. गावातले निम्मे पुरुष आखातात आणि त्यांच्याशी बोलायचे राहिलेले घरोघर; याहून बरकतीचा धंदा नाही. दाखला नाही मिळाला, तर मामाच्या होडीवर जाळी ओढायची. तिथे माशाचा एक काटा हाताला लागला तरी पुरे होता.

अडचण एवढीच, की गुडघा अडाणी. गुरुवारी सुजे, सोमवारी सुजे, बुधवारी उतरे. शेजारच्या चिमाने उपाय सांगितला, "सईदाबाय, मंगळवारी त्याला पायऱ्यांवरून उडी मारूक सांग." सईदाबीने मान डोलावली आणि घरी येऊन उंबऱ्यावरचे गोणपाट पुन्हा नीट केले. तिने खाटेच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या होत्या. पोराशी बोलतानासुद्धा ती शब्दांची धार काढून बोले.

अखेर एका बुधवारी पहाटे गुडघा आपण होऊन सुजला. रडावे की अल्लाचा शुकर मानावा, सईदाबीला कळेना. तिने दोन्ही उरकले. मग साहेबांच्या दारी जायचे म्हणून पोराला दुबईचा शर्ट घातला, अत्तर लावले, डोळ्यांत सुरमा घातला. रत्नागिरीच्या तपासणी मंडळासमोर लंगडत लंगडत एक नवरदेव उभा राहिला.

मंडळाने गुडघा वाकवला, कोन मोजला, आपसात इंग्रजीत हळहळ व्यक्त केली. चाळीस जवळजवळ झालेच होते. तेवढ्यात वडीलधाऱ्या डॉक्टरांनी फार मायेने विचारले, "काय आई, एरवी कसा असतो मुलगा?"

आता परक्या माणसासमोर आपल्या पोराला वाईट म्हणावे, अशी रीत सईदाबीच्या सात पिढ्यांत नव्हती. नजर लागते. शिवाय भल्या माणसाने मायेने विचारले, तर रडगाणे कोण लावते? तोंड आपसूक उघडले.

"शुकर हाय अल्लाचा. बरा हाय, डाक्टरसाहेब."

हाशिमने तिची बाही ओढली. तिला कळले, पण डॉक्टर लिहू लागले होते. भला माणूस, बातमी ऐकून खूशही झाला. शेरा पडला : आईच्या सांगण्यानुसार रुग्ण एरवी बरा, सूज तात्पुरती, अपंगत्व अडतीस टक्के. (उरलेले दोन टक्के आईच्या रीतभातीपोटी कापले, असे मानायला हरकत नाही.)

बाहेर येऊन हाशिम म्हणाला, "बरा हाय बोलायची काय गरज होती, अम्मी?"

"मग माज्या तोंडान वायट कसा बोलू?"

पुढच्या सोमवारी मामाच्या होडीत एक जागा भरली. सईदाबीने जाळ्याच्या दोरीला चिंध्या गुंडाळून दिल्या.

तुम्ही म्हणाल, भोळी बाई. सरकारी माणसासमोर खरे ते सांगायला काय जाते? बरोबर आहे. तुम्ही तिच्यासारखे नाही. विचारले की तुम्ही झोप, साखर, गुडघा, घरातले न बोललेले, सगळे बिनचूक सांगता. म्हणून सहज एक विचारावेसे वाटते. कसे आहात?

"छान." लिहून घेतले.