रोटरी गाडी आणि निघणारे पाहुणे

गाडी पारखावी तर सुमंतनंच, असं अमेरिकेतल्या ट्रॉय गावातल्या यच्चयावत मराठी मंडळींचं मत होतं, असं सुमंतचं मत होतं! डेट्रॉइटच्या आसपास मोटारींच्या धंद्यात त्याची हयात गेली होती. तिथे तो फक्त सीट पुढेमागे सरकवायचे रूळ डिझाइन करायचा, ही गोष्ट वेगळी.

घरातली दुसरी गाडी सप्टेंबरात निजधामाला गेली आणि सुमंतला वर्षानुवर्षं मनात भरलेली रोटरी इंजिनवाली स्पोर्ट्स कार आठवली. निवृत्त अवधूतकाका त्यांची तसलीच जुनी लाल गाडी विकत होते.

"काका, विकताय का पण?"

"गुडघे रे! आत बसता येतं, बाहेर येता येत नाही. परवा तासभर गराजमध्ये बसलो होतो. काकूला वाटलं, मी फिरायला गेलो."

घरी सुमंतनं बायकोपुढे गाडीचं कीर्तन लावलं. "वैदेही, हिच्यात पिस्टनच नाहीत! आत समोशासारखा तिकोनी रोटर गरगर फिरतो. आवाज ऐक, नुसता रेशमी!"

"पेट्रोल किती खाते?"

"तशी... चवीनं खाते."

"आणि ऑइल?"

"थोडं पिते. पण चार सीट आहेत! मागची दारं उलटी उघडतात! तुला काय सांगू..."

"मला एवढंच सांग, घरकामाला उपयोगी पडेल का?" वैदेहीनं विचारलं. "दुसरी गाडी म्हणजे कामाची गाडी. वीकेंडला आणून ठेव. उपयोगी पडली तर घेऊ. नाही पडली तर पुन्हा नाव काढायचं नाही!"

म्हणजे सगळा मामला एका वीकेंडवर आला. शनिवारी सुमंतनं मेकॅनिककडे इंजिनाचं कॉम्प्रेशन तपासून घेतलं. ते ठणठणीत निघालं. काकांनी किल्ली देताना त्याचा हातच धरून ठेवला.

"एक लक्षात ठेव. गार इंजिन चालू केलंस की लगेच बंद करायचं नाही. तापमानाची सुई मध्यावर येईपर्यंत फिरव. नाहीतर आत पेट्रोल साचतं, प्लग भिजतात आणि गाडी जागची हलत नाही. मग बोलवा टो-ट्रक!"

"काका, मी या धंद्यातला माणूस आहे," सुमंत म्हणाला.

रविवारी घरी दिवाळीचा फराळ होता. पाहुण्यांच्या गाड्या ड्राइव्हवेत लागल्यावर सुमंतनं आपली लाल गाडी गराजमधून मागच्या लॉनवरून वळवून, गवताची वाट लावत, बाहेर काढली आणि सुई मध्यावर येईपर्यंत फिरवून थेट ड्राइव्हवेच्या तोंडाशी आणून उभी केली. येणाऱ्याजाणाऱ्याची पहिली नजर तिच्यावरच पडायला हवी ना! रस्त्यावर एका बाजूला पार्किंगला बंदी, दुसऱ्या बाजूला पाहुण्यांच्या गाड्यांची रांग. गाडी मिरवण्यासाठी यापेक्षा मोक्याची जागा दुसरी नव्हती.

फराळ झाला, चहा झाला, दुपार कलली. ड्राइव्हवेत अगदी आत गाडी अडकलेला राजीव मांडीवर थाप मारून उठला. "चला, निघतो आम्ही!"

सुमंत तीरासारखा सुटला. बाहेर हाडं गोठवणारी थंडी. गाडी चालू केली, मागे घेतली, राजीवला वाट करून दिली आणि बघतो तर काय, राजीव दिवाणखान्यातच! उभ्याउभ्या घरांच्या किमतींवर चर्चा चालली होती.

आपल्याकडे 'निघतो' म्हणजे निघायचा विचार पक्का होतोय, एवढंच! खऱ्या गप्पा त्यानंतर सुरू होतात. सुमंतचं सगळं आयुष्य या रिवाजात गेलं होतं, पण आज तो नेमका विसरला.

इंजिन गार, म्हणजे बंद करायची सोय नाही. रस्त्यात थांबावं तर मागे पिकअप ट्रक भोंगा वाजवतोय. सुमंतनं सबडिव्हिजनला, म्हणजे सगळ्या वसाहतीला, एक चक्कर मारली. परत आला तेव्हा राजीव बूट शोधत होता. दुसऱ्या चकरेला एक बूट पायात होता, दुसरा हातात, आणि त्या हातानं तो कुणाला तरी 401k चं, म्हणजे निवृत्तीच्या पैशांचं, गणित समजावत होता! तिसऱ्या चकरेला रुही खिडकीतून ओरडली, "बाबा, स्टॉप इट! इट्स सो एम्बॅरसिंग!"

चौथ्या चकरेला मागे निळे-लाल दिवे लुकलुकले. पोलीस!

"सर, एक लाल गाडी याच घरावरून पुन्हा पुन्हा जातेय, अशी तक्रार आलीय. काय चाललंय?"

"ऑफिसर, हे माझंच घर आहे. पाहुणे निघतायत."

"कधीपासून?"

"पंधरा मिनिटं झाली."

"इंजिन बंद करा."

"नाही हो करता येत!" सुमंत कळवळला. "सुई मध्यावर नाही आली अजून!"

ऑफिसरनं सुई पाहिली. मग घराकडे पाहिलं. दारात आता दहा-बारा माणसं होती, सगळी एकदम बोलत होती आणि एकही हलत नव्हतं. त्याचा चेहरा मऊ झाला.

"माझी सासुरवाडी पोलिश आहे," तो म्हणाला. "दुपारी निघालेले रात्री जेवून जातात. फिरा तुम्ही. फक्त या गल्लीत नको, प्लीज."

हा तमाशा पाहून वैदेही शाल गुंडाळून फाटकापाशी आली. सगळं ऐकून म्हणाली, "गल्लीबाहेरच जायचंय ना? मग दही आण. रात्रीच्या कढीला नाहीये."

कोपऱ्यावरचं दुकान दोन मिनिटांवर. पण तेवढ्यात इंजिन कुठलं तापायला! तिथे थांबवलं आणि पुन्हा चालूच झालं नाही तर? सुमंत मुकाट्यानं दोन गावं पलीकडच्या इंडियन स्टोअरला गेला. परत आला तेव्हा राजीव चक्क गाडीत बसला होता. इंजिन चालू, दिवे चालू, पट्टा लावलेला! म्हणून सुमंतनं रस्ता मोकळा ठेवला. तर राजीवनं काच खाली केली, बाहेर वैदेही वाकली आणि नव्यानं गप्पा सुरू झाल्या.

मागच्या सीटवरच्या राजीवच्या आई मात्र वैतागून उतरल्या.

"सुमंत, तू फिरतोच आहेस तर मला घरी सोड बाबा. ही दोघं काही आज हलत नाहीत!"

सुमंतनं त्यांना घरी पोचवलं. उतरताना त्या सीटमध्ये रुतून बसल्या, त्यांना दोन्ही हातांनी ओढून काढावं लागलं. तेवढ्यात फोन. "येताना कोथिंबीर आण. आणि रुहीचा प्रोजेक्ट पेपर. आणि लायब्ररीची पुस्तकं टाकायची राहिलीत, ती तुझ्या मागच्या सीटवर ठेवलीयेत मी."

सगळं उरकून तो परतला तेव्हा राजीव खरोखरच गेला होता. पेट्रोलचा काटा तळाला, ऑइलचा दिवा पेटलेला, सुमंतची बोटं बधिर. त्यानं इंजिन बंद केलं आणि स्टिअरिंगवर डोकं टेकलं. इतकी वर्षं जपलेलं प्रेम त्या एका दुपारी पार आटून गेलं होतं.

तो घरात आला आणि कोथिंबिरीची जुडी ओट्यावर ठेवली. "वैदेही, तू जिंकलीस. सकाळी गाडी परत देतो. ही आपल्याला परवडायची नाही."

"परत?" वैदेही दचकलीच. "अरे, मी आत्ताच काकांना फोन करून पक्कं सांगितलं!"

"काय?"

"लग्न झाल्यापासून बघतेय, दही आण म्हटलं की तुझं 'मॅच संपू दे'. कोथिंबीर म्हटलं की 'उद्या बघू'. आणि आज? दही आणलंस, तेही त्या लांबच्या स्टोअरमधून! आजींना सोडलंस, लायब्ररीत गेलास! एकदासुद्धा 'नंतर' म्हणाला नाहीस! इतकी कामाची गाडी मी हातची जाऊ देईन होय?"

"अगं पण ऐक तरी!" सुमंत काकुळतीला आला. "ती एकदा चालू केली की लवकर बंद करता येत नाही!"

"तेच तर!" वैदेही म्हणाली, आणि तिनं दूध आणायला रिकामी पिशवी त्याच्या हातात दिली.