वाघमारे मॅडमचा पेशंट

वाघमारे मॅडम चहाचा कपसुद्धा नाव विचारल्याशिवाय कुणाच्या हातात देत नाहीत. परभणीतल्या ज्या नर्सिंगच्या शाळेत मी इंग्रजी शिकवतो, तिथे त्या पेशंटला औषध कसं द्यायचं ते शिकवतात. आमची टेबलं समोरासमोर. कित्येक वर्षं त्या माझं तोंड बघतायत, तरी कप धरून विचारणार, "नाव सांगा."

"मॅडम, मी जाधव."

"पूर्ण नाव."

पूर्ण नाव सांगितलं की चहा मिळतो. तोवर त्यावर साय आलेली असते.

एकदा मी चिडून म्हणालो, "अहो, सरळ 'तुम्हीच जाधव ना?' असं विचारा की!"

थोड्या वेळाने मी पेपर तपासण्यात गढलेलो असताना आवाज आला, "सर, तुमीच शेख ना?"

"हो हो," मी म्हणालो.

"बघा. धडधाकट माणूस हो म्हणायलाय. तापात फणफणलेला काय म्हणंल? नाव त्याच्या तोंडून काढायचं असतंय."

त्या दिवसापासून त्यांनी मला पेशंट म्हणून नेमून टाकलं. वर्गातल्या सरावाच्या पुतळ्याचा हात निखळला होता, आणि शाळेत बिनकामाचा दुसरा पुतळा मीच होतो. कॉलेजात असताना मी गॅदरिंगच्या नाटकात काम केलेलं. मला वाटलं, कलेची कदर करणारं कुणीतरी भेटलं. पहिल्याच दिवशी मी खाटेवर पडून असा काही विव्हळलो की मुली घाबरून मागे सरकल्या.

"कण्हू नका सर," मॅडम म्हणाल्या. "औषधाचं प्रात्यक्षिक हाय, बाळंतपणाचं न्हाई."

गोळी म्हणून पेपरमिंट, पातळ औषध म्हणून साखरेचं पाणी. मुलीने नाव विचारायचं, मनगटावरची नावाची पट्टी बघायची, कुठलं औषध सोसत नाही ते विचारायचं. बाटलीवरची चिठ्ठी उचलताना वाचायची, ओतताना वाचायची, परत ठेवतानाही वाचायची. यातलं काही राहिलं की मॅडम जाहीर करायच्या, "सर, तुमी गेलात," आणि माझ्या तोंडावर चादर ओढायच्या. कधी कधी तर सकाळचा चहा व्हायच्या आत मी मेलेला असायचो. एकदा संस्थेचे अध्यक्ष पाहुण्यांना घेऊन आले आणि इंग्रजीचे शिक्षक कुठे आहेत म्हणून विचारू लागले. "वारले," मॅडम मागे न बघता म्हणाल्या. चादरीखालून नमस्कार कसा करावा, हे मला सुचेना.

मला सगळ्यात जास्त वेळा मारलं ते पेडगावच्या अश्विनीने. पोरगी हुशार, पण भित्री. मॅडम शेजारी उभ्या राहिल्या की ती नाव विचारायचंच विसरायची.

मग मुली दवाखान्यात वॉर्डात जायला लागल्या आणि एका दुपारी व्हायचं ते झालं. एका बाईची मधुमेहाची गोळी अश्विनीने शेजारच्या खाटेवरच्या बाईच्या हातावर ठेवली. ती तोंडात टाकणार, तेवढ्यात अश्विनीला आठवण झाली आणि तिने नाव विचारलं. नाव निघालं दुसरंच. तिने गोळी हिसकावूनच घेतली. कुणी पाहिलं नव्हतं. तरी तिने आपण होऊन वॉर्डातल्या सिस्टरला जाऊन सांगितलं. सिस्टरने सगळ्यांदेखत झापलं. संध्याकाळी कळलं, अश्विनी बॅग घेऊन होस्टेलातून निघून गेली.

"सर, गाडी काढा," मॅडम म्हणाल्या.

मी स्कूटर जपून चालवतो. वाटेत आम्हाला उसाच्या ट्रॅक्टरनेही मागे टाकलं. पण तेवढ्या वेळात मी मनात एक भाषण जुळवलं. त्यात एक इंग्रजी म्हणही होती. स्टँडवर अश्विनी बॅगेला टेकून बसलेली दिसली. मी घसा खाकरून सुरुवात केली, "हे बघ बाळ, अपयश ही..."

"सर, तुमी पाणी आणा," मॅडम म्हणाल्या.

पाणी घेऊन आलो तर दोघी शेजारी शेजारी बसलेल्या.

"सिस्टर म्हणल्या, असल्या पोरीनं घरी भाकरी थापाव्यात," अश्विनी सांगत होती. "माझा हात अजून थरथरायलाय, मॅडम."

"थरथरू दे. ज्याचा थरथरत न्हाई, त्याचीच मला लय भीती वाटते. चुकी लपवणाऱ्या पोरी मी लय बघितल्या, अश्विनी. तू सांगितलंस. तुझ्यासारखी पोरगी..." वाक्य अर्धंच टाकून त्या अश्विनीच्या बॅगेचा पट्टा सरळ करू लागल्या.

पेडगावची बस लागली. अश्विनी उठली. "आईला बघावं वाटायलंय."

"जा की." मग पदराशी चाळा करत, "मीबी येऊ का?"

आम्ही दोघं बघतच राहिलो.

"तुझ्या आईला मी समजावून सांगते. आन् माझी तरी घरी कोण वाट बघायलंय?"

इतकी वर्षं समोरासमोर बसून मी त्यांना घरचं कधी विचारलं नव्हतं. दोघींना घेऊन बस निघून गेली. त्यांच्यासाठी आणलेली पाण्याची बाटली माझ्या हातातच राहिली.

सकाळच्या पहिल्या बसने दोघी परत आल्या. अश्विनी युनिफॉर्म घालून थेट वॉर्डात गेली. मॅडम समोर येऊन बसल्या. केस तेल लावून चापूनचोपून विंचरलेले, वेणी शाळकरी मुलीसारखी घट्ट.

"तिच्या आईनं तेल लावायला धरून बसवलं," त्या म्हणाल्या. "न्हाई म्हणू दिलंच न्हाई."

दिवसभर शिकवताना त्यांचा हात मधूनमधून मागे त्या वेणीकडे जात होता.