कदमकाकांचे पिवळे पट्टे

दापोडीत आमच्या शेजारी राहणाऱ्या कदमकाकांकडे जायचं, तर आधी चपलेला पार्किंग शोधावं लागे. दारात पिवळ्या ऑइलपेंटचा चौकोन होता. चप्पल रेषेबाहेर गेली रे गेली की आतून आवाज यायचा, "राव, माल लाइनच्या बाहेर आहे!" आता मोशीच्या आमच्या फ्लॅटबाहेर चपला कशाही पडतात, कुणी काही बोलत नाही. करमत नाही मला.

काका कारखान्याच्या प्रेस शॉपमधून, म्हणजे पत्रा दाबायच्या खात्यातून, रिटायर झालेले. कंपनीत जमिनीवर आखतात तसले पट्टे त्यांनी घरभर मारले होते. डब्यांना जागा, कुकरला जागा. भिंतीवरच्या फळीवर किल्ली, पाकीट, आयकार्ड यांच्या आकृत्या रंगवलेल्या. वस्तू नसली की रिकामी आकृती डोळ्यांत भरायची. काकू म्हणायच्या, मी जरा एका जागी बसले की हे ब्रश शोधायला लागतात.

आम्ही हसायचो. पण हा सगळा खटाटोप सुमितसाठी, त्यांच्या मुलासाठी होता. पोरगं गुणी, पण गॅसवर दूध ठेवून गच्चीत पतंग बघत बसणारं. विशी ओलांडली तेव्हा डॉक्टरांनी सांगितलं, हा आळस नाही, एडीएचडी आहे, लक्ष एका जागी ठरत नाही. ओरडू नका, त्याला सोपं पडेल असं काहीतरी करा. तोवर दोन नोकऱ्या हातच्या गेल्या होत्या. चाकणची तिसरी लागली आणि काकांनी रंगाचा डबा उघडला.

ही नोकरी टिकली. मग सुमित म्हणाला, निघोज्यात कंपनीजवळ खोली घेतो. काकांचं धाबंच दणाणलं. ते डबा घेऊन निघालेच होते, पण सुमितनं अडवलं. "पप्पा, माझी खोली मी लावतो. अडलं तर फोन करीन." नोकरी पुन्हा जाणार या धास्तीनं काकांना अन्न गोड लागेना.

एका संध्याकाळी मी सहज डोकावलो. काका मोबाइल तांब्याला टेकवून समोर गप्प बसले होते. काका आणि गप्प! पडद्यावर सुमित उद्याच्या शिफ्टचे कपडे काढून बॅग भरत होता. मी तोंड उघडणार, तोच काकांनी बोट ओठांवर ठेवलं.

फोन संपल्यावर म्हणाले, एकटा असला की त्याचं काम अर्ध्यात राहतं, समोर कुणी असलं की पार पडतं. म्हणून तोच रोज मला फोन लावतो आणि बजावतो, पप्पा, काही सांगू नका, नुसते बसा.

मी चेष्टेनं विचारलं, जमतं का तुम्हाला?

काका हसले नाहीत. "मीही असाच होतो, राव. पुस्तक उघडलं की मन गावभर हिंडायचं. बापानं लई मारलं. नुसता माझ्या शेजारी येऊन बसला असता ना, तर मी मॅट्रिक झालो असतो."