डावीकडून येणारे डॉक्टर

आमच्या सोसायटीत पाठीमागून कुणी आलं तर चोर, समोरून आलं तर सेक्रेटरी आणि डावीकडून आलं तर डॉक्टर निकम, हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. डॉक्टर नुसते येत नसत. आधी लांबून "होऽऽ... होऽ" असा खालच्या पट्टीतला आवाज यायचा. मग डाव्या खांद्यावर एक जड पंजा पडायचा, तो सावकाश पाठीवर सरकायचा, आणि आपण बिथरत नाही अशी खात्री पटली की मगच डॉक्टर बोलायला सुरुवात करायचे.

माझी आणि त्यांची ओळख टँकरच्या रांगेत झाली. नव्वदच्या दशकातलं नवीन पनवेल. इमारती आल्या होत्या, पाणी यायचं होतं. मी हंडा घेऊन उभा असताना हा सगळा विधी माझ्यावर झाला. मी दचकून वळलो.

"पाठीमागून कधी जाऊ नये," डॉक्टर म्हणाले. "लाथ बसते."

"मी लाथ मारत नाही हो!"

"सगळे मालक असंच सांगतात," असं म्हणून त्यांनी माझ्या डोळ्यांची खालची पापणी अंगठ्याने ओढून पाहिली. "रक्त कमी आहे. पालेभाजी खात जा."

डॉक्टर जनावरांचे होते हे मला त्यानंतर कळलं. पालेभाजी मात्र आमच्या घरी त्याच दिवसापासून सुरू झाली, कारण माझी बायको सुनंदा दोन माणसं सोडून त्याच रांगेत उभी होती.

डॉक्टरांनी नोकऱ्या बऱ्याच केल्या होत्या. सातारा भागात सरकारी दवाखान्यात गाई-म्हशी. मग पुण्याकडे एका घोड्यांच्या फार्मवर. मग पनवेलजवळच्या कोंबड्यांच्या हॅचरीत. शेवटी सगळं सोडून आमच्याच इमारतीच्या खालच्या गाळ्यात त्यांनी कुत्र्यामांजरांचा दवाखाना टाकला. या प्रवासाला ते बढती समजत होते की घसरण, ते शेवटपर्यंत कळलं नाही. "घोड्याचा डॉक्टर टाय लावतो," ते सांगायचे. "कोंबड्यांचा डॉक्टर नुसतं मोजतो. म्हशीचा डॉक्टर दिवसातून चार वेळा आंघोळ करतो. आणि कुत्र्याचा डॉक्टर मालकिणीचं ऐकून घेतो. त्यातलं सगळ्यात कठीण काम हे शेवटचं."

याला पुरावा म्हणजे आमच्या सेक्रेटरींच्या सौभाग्यवती सावंतवहिनी आणि त्यांचा पॉमेरेनियन सोनू. सोनू इतका गोल झाला होता की तो बसलाय की उभा आहे हे जवळ गेल्याशिवाय सांगता येत नसे.

"डॉक्टर, तो बिस्किटाशिवाय काही खातच नाही हो."

"मग बिस्कीट बंद करा."

"अहो, मग खाईल काय?"

"तुमचं डोकं खाईल. पचायला हलकं."

सावंतवहिनी दोन महिने बोलल्या नाहीत. सोनू मात्र त्या दोन महिन्यांत पुन्हा कुत्र्यासारखा दिसू लागला, आणि वहिनी बिस्किटांच्या पुड्यासकट माघारी आल्या. पुडा डॉक्टरांनी ठेवून घेतला आणि संध्याकाळी आम्ही दोघांनी चहात बुडवून संपवला.

रविवारी सकाळी मी पेपर घेऊन त्यांच्या गाळ्यातच बसायचो. एकदा करंजाड्याची हिरूबाई आली. आगरी बाई, कपाळावर आडवं कुंकू, आवाज खाडीच्या पलीकडे जाईल असा. जमीन नव्या शहरात गेलेली, घरी मुलांनी चाळ बांधून भाडेकरू भरलेले, आणि त्या सगळ्यात गोठा तेवढा तिने हट्टाने राखलेला. आतापर्यंत सोनूची चेष्टा करणारे डॉक्टर तिचं पहिलं वाक्य ऐकून उठूनच उभे राहिले.

"डाक्तर, म्हस चारा खाय नाय. कालपासना पानी बी तोंडाला लावत नाय."

मला त्यांनी पिशवी धरायला सोबत नेलं. "ताप असला, जखम असली तर मी हसत तपासतो," एवढंच रिक्षात म्हणाले. "जनावरानं चारा सोडला की हसणं बंद."

गोठ्यात ते डावीकडून गेले, "होऽऽ" केलं, म्हशीच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ नुसते उभे राहिले. मग विचारलं, "पारडू कुठाय?"

"लेकीला दिलाय. जासईला."

"म्हशीला विचारलं होतंस?"

"म्हशीला काय इचाराचा!" हिरूबाई माझ्याकडे बघून हसली. डॉक्टर हसले नाहीत.

"हिला रोग नाही," ते म्हणाले. "हिच्याजवळ बस. बोलत राहा. आवाज थांबू द्यायचा नाही. आणि पहिला घास हातानं भरव."

"म्हशीसंगं बोलू काय?"

"शेजारणीबद्दल बोल. ऐकेल ती."

म्हैस पुढच्या रविवारपर्यंत खायला लागली. हिरूबाईची शेजारीण मात्र दवाखान्यात येऊन डॉक्टरांशी भांडून गेली.

आता खरी गोष्ट. डॉक्टरांना एकच मुलगी, वैशाली. ती शाळेत असतानाच तिची आई गेली. पुढचं सगळं डॉक्टरांनी एकट्याने केलं, म्हणजे त्यांना येत होतं तसं केलं. वेणी ते दावं वळल्यासारखी घालायचे, इतकी घट्ट की पोरीच्या भुवया दिवसभर वर चढलेल्या असायच्या आणि बाई तिला विचारायच्या, कसलं एवढं आश्चर्य वाटतंय म्हणून. खोकला झाला तर औषधाच्या बाटलीवर वासराचं चित्र असायचं. पोर मात्र त्यात झकास वाढली. वाशीला एका ऑफिसात नोकरी करायची, आणि बापाला सरळ तोंडावर "बाबा, मी म्हैस नाहीये" असं सांगू शकणारी त्या घरात ती एकटीच होती.

तिच्यासाठी स्थळं येऊ लागली आणि डॉक्टरांची सगळी विद्या बाहेर पडली. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलीला चालून दाखवायला लावतात हे आपण ऐकलेलं असतं. इथे मुलगा चालायचा. "जरा गॅलरीपर्यंत जाऊन या," डॉक्टर सांगायचे. "आता परत या. वळा. हसा की जरा, दात दिसू द्या." बिचारा घामाघूम होऊन पोह्यांकडे परतला की डॉक्टर निकाल द्यायचे. बडोद्याच्या मुलाच्या टाचा एका बाजूने झिजलेल्या. मस्कतच्या मुलाचा श्वास उथळ. बंगलोरच्या मुलाच्या डोळ्यांत पाणी. ते पाणी अपमानाचं असावं असं मला वाटलं, पण मी काही डॉक्टर नव्हे.

मग सुनंदाने तिच्या मावसबहिणीचा मुलगा आणला. सुनील. मूळचा साताऱ्याकडचा, भिलाईला पोलादाच्या कारखान्यात इंजिनियर. उंच, सावळा, बोलायला मोकळा. गॅलरीपर्यंत गेला, परत आला, वळला. डॉक्टर गुडघ्यांकडे टक लावून बघतायत हे पाहून शांतपणे म्हणाला, "शेपूट पण दाखवू का?"

आतल्या खोलीतून वैशाली इतकी जोरात हसली की पोह्यांची बशी खणखणली. पुढे दोघं गॅलरीत बोलत उभी राहिली, चहा दोनदा गरम करावा लागला, आणि सुनंदा मनातल्या मनात साड्या निवडू लागली.

डॉक्टरांनी मला पॅसेजमध्ये ओढलं. "मागच्या डाव्यात बारीक लचक आहे."

"डॉक्टर, माणसाला मागचा पाय नसतो."

"आहेत ते दोन्ही मागचेच. पुढच्यांनी तो पोहे खातोय."

स्थळाला नकार गेला. सुनीलच्या वडिलांनी निरोप पाठवला की आम्ही मुलगा घेऊन आलो होतो, बैल नव्हे. सुनंदाने माझ्या ताटात भाकरी आपटली. पण तिचं डोकं माझ्यापेक्षा भराभर चालतं. भाजी वाढता वाढता ती थांबली.

"अहो, ते इथलंच, खांदेश्वरचं स्थळ आठवतंय? त्याचा एक पाय खरंच आखूड होता. त्याला डॉक्टरांनी पास केलं होतं की! वैशूच नको म्हणाली."

"हो. 'किरकोळ आहे, चालेल' म्हणाले होते."

"मग बघा ना. मस्कत, बडोदा, बंगलोर, भिलाई. गाव जेवढं लांब, तेवढा मुलगा लंगडा."

मी घास तोंडात घेऊन तसाच बसलो. एवढी साधी गोष्ट वर्षभर माझ्या डोळ्यांसमोर होती, आणि मी टाचा बघत बसलो होतो. मला डॉक्टरांचा राग आला आणि त्याच घासाला त्यांची दयाही आली. पोर गेली की त्या घरात "होऽऽ" कुणाला करणार होते?

त्यानंतरच्या आठवड्यात दाराची बेल वाजली. डॉक्टर उभे होते. आवाज दिला नव्हता, खांद्यावर हात ठेवला नाही, थेट समोरून आले.

"वैशूनं चारा सोडलाय," ते म्हणाले.

मला हसू आलं, आणि त्यांचा चेहरा बघून ते तिथल्या तिथे गेलं.

"भांडली असती तर बरं झालं असतं," ते म्हणाले. "भांडत नाही. ऑफिसला जाते, येते. ताट समोर घेते आणि तसंच उचलते. मी जवळ बसलो, बोललो. हातानं भरवायला गेलो, तर 'भूक नाही बाबा' म्हणाली." ते खुर्चीच्या काठावर बसले. "कदम, माझं निदान चुकलं. साताऱ्याला चला."

दुसऱ्या दिवशी आम्ही एसटीने सुनीलच्या गावी गेलो. सुनीलचे वडील, आबा, अंगणात बाजेवर बसले होते. बसा म्हणाले नाहीत. डॉक्टर डावीकडून जायला लागले तेव्हा मीच त्यांना बाहीला धरून समोर आणलं.

"तुमच्या मुलाच्या पायात काही दोष नाही," डॉक्टर उभ्यानेच म्हणाले. "चाल एक नंबर आहे. भिलाई लांब आहे, एवढाच दोष होता. तो त्याचा नव्हे, माझा. मला एकच पोर आहे."

आबांनी तंबाखू मळून दाढेखाली धरली. मग हनुवटीने फाटकाकडे खूण केली.

"डाक्टर, जरा त्या फाटकापातुर जाऊन या बघू."

मला वाटलं, आता हाकलून देतायत. पण डॉक्टर गेले. फाटकाला हात लावला.

"आता माघारी या."

डॉक्टर आले. पांढऱ्या केसांचा, आयुष्यभर दुसऱ्यांची चाल बघितलेला माणूस आबांच्या नजरेसमोर पाऊल मोजून टाकत आला. गोठ्याच्या दाराशी सुनीलची आई पदर तोंडाला लावून उभी होती.

"वळा."

डॉक्टर वळले.

"लचक हुती, ती गेली म्हनायची," आबा म्हणाले आणि बाजेवर सरकून जागा केली. "बसा व्याही. आगं, च्या टाक."

लग्न पनवेललाच झालं. अक्षता पडल्या तेव्हा डॉक्टर जावयाच्या डाव्या बाजूला उभे होते. निघताना वैशाली त्यांच्या गळ्यात पडून रडली. डॉक्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत "होऽ... होऽऽ" करत राहिले, आणि सावंतवहिनींनी सोनूला कडेवर घेऊन सगळ्यांत मोठ्याने हुंदका दिला.

मग वैशाली भिलाईला गेली. डॉक्टरांच्या घरी फोन नव्हता, त्याचा नंबर लागायचा होता. आमच्या इमारतीच्या कोपऱ्यावर एसटीडीचं बूथ होतं. त्या पहिल्या रविवारी मी दूध घेऊन येत होतो, तर बूथवाल्याने मला हाक मारली.

"कदमसाहेब, डॉक्टर फोनवर म्हस तपासतात काय हो?"

डॉक्टर काचेच्या आत होते. रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला होता. भिलाईला कुणीतरी फोन उचलला, आणि डॉक्टर लांबून गोठ्यात शिरतानाच्या त्या खालच्या पट्टीत म्हणाले, "होऽऽ... होऽ... मी आहे गं." दार नीट लागत नव्हतं, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

"जेवतेस ना?" त्यांनी विचारलं. "काय खाल्लंस? दोन्ही वेळा? बरं. बरं." मग तिकडून तोच प्रश्न आला असावा. "मी? अगं, दोन-दोन पोळ्या खातो. कदमांच्याकडून डबा येतो. सगळा संपवतो."

डबा आमच्याकडून जात होता हे खरं. तो झाकणाला हात न लावता परत येत होता, आणि रोज तो परत ठेवून घेताना सुनंदा माझ्याकडे बघायची.

डॉक्टरांनी रिसीव्हर ठेवला. तरी ते आतच उभे राहिले, फोनकडे बघत. बाहेर कोणीतरी नंबर लावून उभं होतं, बूथवाला काचेवर टकटक करणार होता. मी त्याला हाताने थांबवलं.

दार उघडून मी आत गेलो. जागा अडचणीची होती, तरी अंग चोरून डावीकडे झालो. लांबून करायचा तो आवाज जवळूनच केला, "होऽऽ". तो मला काही त्यांच्यासारखा जमला नाही. मग त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळूहळू पाठीवर नेला.

"चला डॉक्टर," मी म्हणालो. "सुनंदानं पोहे टाकलेत. पहिला घास मी भरवतो."

त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. "लाथ बसेल," ते म्हणाले.

"बसू दे," मी म्हणालो, आणि ते मुकाट्याने माझ्याबरोबर चालू लागले.