सर्व्हरवर सर्वांचं एकच नाव

इंडोनेशियातल्या सोलो शहरातल्या बाटिक विक्री संस्थेच्या वेबसाइटवर दहा गिऱ्हाइकं एकदम आली की ती मान टाकायची. ईद दोनेक महिन्यांवर आलेली आणि बायकांनी मेणाने रेखून रंगवलेली कापडं कपाटात पडलेली. त्यांत वनिंगच्या आईचीही होती. ईदचा बाजार हुकला की ती कोण घेणार? वनिंग संस्थेची एकुलती एक प्रोग्रामर. तिने रीतसर अर्ज दिला: नवं होस्टिंग, म्हणजे वेबसाइटला सर्व्हरवर जागा, घ्यावं, त्यात सर्व्हरवर थेट काम करायची सोय असावी, आणि गिट असावं.

अध्यक्ष पाक हार्जोनो (तिकडे वडीलधाऱ्या पुरुषाला ‘पाक’, बाईला ‘बू’ आणि तरुण मुलीला ‘म्बाक’ म्हणतात) यांनी ताबडतोब निवड समिती नेमली. तिथे एकमत झाल्याशिवाय पंखासुद्धा लावत नसत. मोठ्या माणसाला तोंडावर ‘नाही’ म्हणायची मात्र रीत नव्हती, त्यामुळे एकमत चटकन व्हायचं. कशावर झालं ते कळायला वेळ लागायचा.

“म्बाक वनिंग, हे गिट म्हणजे काय गं?” खजिनदार बू लास्तरींनी खाऊच्या खोक्यातल्या लेंपर या भाताच्या वळकटीवरचं केळीचं पान सोलत विचारलं.

“कोणी काय बदललं ते नावानिशी राहतं, बू. आणि बिघडलंच तर मागच्या प्रतीवर परत जाता येतं.”

चिकट भाताचा घास हातातच राहिला.

“नावानिशी?” पाक हार्जोनो म्हणाले. “म्हणजे चूक कोणाची ते चारचौघांत दिसणार?”

“हो, पाक.”

“अगं बाई! मग माणसाने तोंड कुठे लपवायचं?” बू लास्तरी कळवळल्या.

ठराव झाला. गिट अवश्य घ्यावं, परंतु सर्वांनी ते ‘आपण सगळे’ या एकाच नावाने वापरावं. कोणाला वगळणं अपमानास्पद, म्हणून पासवर्ड सर्वांना द्यावा, रखवालदारालाही. मागच्या प्रतीवर गेल्यास एखाद्या ज्येष्ठाने केलेला बदल पुसला जाण्याचा संभव, सबब तेही एकमतानेच व्हावं. वनिंगच्या ओठांवर ‘नाही’ आलं होतं. बाहेर पडलं ते “बरं, पाक.” तिला स्वतःचाच असा संताप आला!

मग एका होस्टिंग कंपनीचा विक्रेता येऊन प्रत्येकाच्या मुलाबाळांची चौकशी करून गेला आणि तीच कंपनी एकमताने निवडली गेली. तिच्याकडे गिट होतं हा निव्वळ योगायोग.

वेबसाइटवरचं दुकान झकास चालू लागलं. ऐन रमजानात एका दुपारी ते गायब झालं आणि त्या जागी पडदाभर पाक हार्जोनोंचा हसरा फोटो उगवला, खाली ईदच्या शुभेच्छा.

तातडीची सभा भरली. रोजे असल्याने खाऊची खोकी घरी न्यायची होती.

“हे कोणी केलं असावं?” स्वतःच्या भल्यामोठ्या फोटोपुढे उभं राहून पाक हार्जोनोंनी विचारलं.

सगळे पंख्याकडे बघू लागले.

वनिंगने गिटची नोंद उघडली. “आपण सगळ्यांनी, पाक.”

“बघा! म्हणजे कोणा एकाचा दोष नाही,” पाक हार्जोनोंच्या जिवात जीव आला. “आता प्रश्न असा, की मागे जावं का?”

“फोटो मात्र छान आलाय हं,” बू लास्तरी म्हणाल्या. सर्वांनी माना डोलावल्या.

तेवढ्यात वनिंगला आईचा निरोप आला: ‘गिऱ्हाईक विचारतंय, तुमचं दुकान बंद झालं का?’ वनिंगने लॅपटॉप मांडीवर ओढला आणि चर्चा ऐन रंगात असताना टेबलाखाली मागची प्रत चढवून टाकली. झालं, दुकान परत जागेवर!

“हे कोणी केलं?” पाक हार्जोनो चकित झाले.

या वेळी पंख्याकडे कोणीच बघितलं नाही.

“मी केव्हाची म्हणत होते, धीर धरा,” बू लास्तरी म्हणाल्या. रखवालदाराने हात वर केला.

“माझं थोडंफार मार्गदर्शन होतं,” पाक हार्जोनो लाजत म्हणाले, “पण नाव नको. बरं, घालाच.”

नवा ठराव झाला: यापुढे दुरुस्ती नावानिशी नोंदवावी, बिघाड ‘आपण सगळे’ यांच्या नावे राहू द्यावा. आईची कापडं विकली गेली. दुरुस्ती करणाऱ्यांत वनिंगचं नाव तेवढं राहून गेलं. “पुढच्या वेळी घालू हं,” पाक हार्जोनो म्हणाले. “बरं, पाक,” वनिंग म्हणाली.

हसताय? खुशाल हसा. पण तुमच्या सोसायटीची टाकी रात्रभर वाहत होती, तेव्हा मोटर चालू कोणी ठेवली होती ते अजून कळलं नाही ना? ती बंद कोणी केली हे मात्र तुमचं सगळ्या जिन्याला सांगून झालंय.